इनासभाऊंचं नाक

इनास रुमाव यांच्या, दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटच्या भिंतीवर दोनच गोष्टी होत्या. एक मारिया मातेची तसबीर, आणि तिच्या शेजारी, तितक्याच मानानं लावलेला, जमिनीचा एक नकाशा. नकाशात एका लांबट पट्टीचे शेकडो तुकडे पाडलेले होते. काही तुकडे तर इतके बारीक की त्यांत म्हैस बांधली तर शेपूट शेजाऱ्याच्या हद्दीत जावं. गृहस्थ वसईचे, केळीच्या वाडीत वाढलेले, हे मला बायकोनं सांगितलं होतं. भावाभावांत वाटण्या झाल्या असणार असं धरून मी सहानुभूतीच्या सुरात विचारलं, "कोर्टात आहे का?"

"नाही," इनासभाऊ म्हणाले. "बाटलीत आहे."

तो फ्रान्समधल्या बर्गंडीचा नकाशा होता. वाइनसाठी जगात ज्या दोन-तीन प्रांतांची नावं लोक आवाज खाली आणून घेतात, त्यांतला हा एक. इनासभाऊ तिथे कधी गेले नव्हते. जाण्याची इच्छाही मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. नकाशा मात्र त्यांना असा पाठ होता की पोस्टमननं शिकवणी लावावी.

माझी बायको अनघा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि इनासभाऊ त्याच हॉस्पिटलात औषधांचं शीतगृह सांभाळत. त्याआधी तरुणपणी ते दोह्यातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर होते. तिथे वाइनच्या तळघरावर मार्सेल नावाचा एक म्हातारा फ्रेंच माणूस होता. त्याला घरची आठवण आली की तो समोर कोण आहे हे न बघता आपल्या गावच्या मातीबद्दल बोलत सुटे, आणि समोर नेहमी इनासभाऊ असत. मायदेशी परत जाताना त्यानं हा नकाशा त्यांना दिला. शिक्षण म्हणाल तर एवढंच. प्रमाणपत्र नाही, कोटावर वाइनतज्ज्ञाचा बिल्ला नाही. वाइनच्या जगात बिल्ल्याशिवाय बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा या सगळ्या प्रकाराकडे संशयानं बघत असे. अजूनही बराचसा बघतो. आमच्या गॅस कंपनीतली माणसं प्रमोशन मिळालं की आधी गाडी बदलत, मग घर, मग पेय. पेय बदललं की भाषा बदले. काल-परवापर्यंत "मस्त आहे" म्हणणारा माणूस अचानक पेला फिरवत "फिनिश जरा शॉर्ट आहे" म्हणू लागे. त्यामुळे अनघानं "त्यांच्याकडे शुक्रवारी वाइन समजून घ्यायला जाऊ" असं म्हटलं तेव्हा मी मनोरंजन म्हणून गेलो.

पहिल्या शुक्रवारी वाइन मिळालीच नाही.

इनासभाऊ सकाळी अबू हमूरच्या चर्चमधून मिस्सा करून येत, जेवून झोपत, आणि पाचच्या सुमाराला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसत. त्या दिवशी त्यांनी एका बशीत दोन सुकेळी आणून ठेवली. वसईची राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली. गुळासारखी तपकिरी आणि चिवट.

"डोळे मीट. आधी वास, मग चव. आणि हुशारी नको."

मी खाल्ली. पहिलं सुकेळं मधासारखं गोड होतं. दुसरं गोडच, पण गोडीच्या मागे काहीतरी उभं होतं. मी म्हटलं, "दुसऱ्यात किंचित मीठ आहे."

"मीठ घातलेलं नाही. ती वाडी खाडीकडची आहे आणि पहिली आतली. केळ एकच, वाळवणारे हात एकच, माझ्या बहिणीचे. मधे एक कुंपण आणि दोन विहिरी. झालं. आता तुला बर्गंडी कळली. उरलेलं पाठांतर आहे."

उरलेलं पाठांतर त्यांनी पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडून करून घेतलं, तेही अशा रीतीनं की ते पाठांतर वाटू नये. ती मुख्य पट्टी लांबीला दोह्याहून अल खोरला जाण्याएवढी, पन्नासेक किलोमीटर. रुंदीला, काही ठिकाणी, समुद्रकाठच्या कॉर्निशवर सकाळी पाय मोकळे करून यावं तेवढी. लाल वाइनला मुख्यतः एकच द्राक्ष, पिनो न्वार, पांढरीला शार्दोने. म्हणजे फरक द्राक्षाचा नाही. फरक उताराचा. उताराच्या अगदी माथ्यावर माती पातळ, वेल उपाशी. अगदी पायथ्याशी पाणी साचतं, वेल सुस्त. मधल्या कमरेवर सकाळचं ऊन पहिलं येतं आणि पाणी थांबत नाही; सगळी मोठी नावं तिथली. शेकडो वर्षांपूर्वी मठातल्या धर्मगुरूंनी कुठला तुकडा कसा पिकतो ते बघून हद्दी आखल्या, आणि पुढे वारसांनी त्या हद्दींचेही तुकडे केले. आता एकेका मळ्याला डझनावारी मालक. कुणाच्या वाट्याला चारच ओळी.

"आमच्याकडे असंच," ते म्हणत. "पाच भाऊ. माझ्या वाट्याला विहिरीजवळच्या दोन रांगा. लोक विचारतात, दोन रांगांत काय होतं? अरे, दोन रांगा म्हणजे दोन रांगाच. तिसऱ्या रांगेसारख्या त्या लागत नाहीत."

या शाळेत आम्ही विद्यार्थी तीन. अनघा, मी, आणि कर्णिक. कर्णिक म्हणजे आमच्याच कंपनीत माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे गृहस्थ. द पर्ल या श्रीमंतांच्या बेटावर राहत. समुद्राकडे तोंड केलेल्या त्यांच्या हॉलमध्ये वाइनसाठी काचेच्या दाराचं कपाट होतं, आणि त्याला आतून निळा दिवा. ते शाळेत कसे आले ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

अनघाच्या ओळखीनं इनासभाऊंना एकदा त्यांच्याकडे जेवायला बोलावलं गेलं. कर्णिकांनी बाटली बाळासारखी हातावर आडवी घेऊन आणली, ओतली, पेला फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लेदर. टोबॅको. अँड, ऑफ कोर्स, ट्रफल."

इनासभाऊंनी अगदी निरागसपणे विचारलं, "ट्रफल म्हणजे ती जमिनीखालची अळंबी ना? कशी लागते हो?"

"म्हणजे... प्रत्यक्ष खाल्ली नाहीये अजून."

"मग वास कशाचा आला?"

सौ. कर्णिकांना खोकला आला, तो बराच वेळ पुरला. मला वाटलं, आता या माणसाला पुन्हा बोलावणं येत नाही. पण कर्णिक, मला त्यांचं कौतुकच वाटतं, लाल होऊन का होईना, म्हणाले, "खरं सांगायचं तर मला मोरीच्या शेल्फखालच्या ओल्या लाकडासारखा वास येतोय."

"शाब्बास," इनासभाऊ म्हणाले. "आता आपण बोलू शकतो." पुढच्या शुक्रवारपासून कर्णिक द पर्लहून फरीज बिन ओमरानला, पार्किंगसाठी वीस मिनिटं घिरट्या घालत, येऊ लागले.

इनासभाऊंचा एकच नियम होता. जे नाकाला आलं तेच बोलायचं, आणि आपल्या घरातल्या शब्दांत. त्यांना व्हायोलेटचं फूल चालत नसे, कारण आमच्यापैकी कुणी ते हुंगलं नव्हतं. आमसूल चाले. गुलकंद, कात, करवंद, नवा माठ, देव्हाऱ्यातलं उगाळलेलं चंदन, शाळेच्या दप्तराचा आतला कप्पा, सगळं चाले. आधी आम्ही बोलायचं, ते शेवटी. काहीच आलं नाही तर "आलं नाही" म्हणायचं, त्याला ते पूर्ण गुण देत. अत्तर लावून आलेल्याला हात धुवायला लावून खिडकीजवळ बसवत. शेजारी कुणी धूप जाळला आणि तो लिफ्टमधून वर आला तर वर्ग अर्धा तास पुढे.

हा कडकपणा हॉस्पिटलातून घरी आलेला की घरून तिकडे गेलेला, ते सांगता येत नाही. अनघा सांगते, एकदा औषधांची खेप उतरवताना चाळीस मिनिटं धक्क्यावर उन्हात राहिली. कागदपत्रं चोख होती. पुरवठादाराचा माणूस हिंदीत विनवण्या करत होता, "भाई, पेपर सब ओके है, साइन करो, खलास." इनासभाऊंनी सगळी खेप परत पाठवली. म्हणाले, "कागदाला ऊन लागत नाही."

उन्हावर त्यांचा दात होताच. कतारमध्ये आमच्यासारख्यांना परवान्यावर, ठरावीक दुकानातून बाटली मिळते. ती घ्यायची आणि थेट घरी आणायची. कर्णिक एकदा वाटेत केस कापायला थांबले. अर्ध्या तासाची गोष्ट. वर्गात बाटली उघडली, आम्ही आपापली आमसुलं आणि करवंदं शोधू लागलो. इनासभाऊंनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि कर्णिकांच्या मानेकडे बघितलं.

"केस छान कापलेत."

"थँक यू."

"बाटली गाडीत होती ना?"

मग त्यांनी आत हाक मारली, "सेलीन, डुकराच्या इंद्यालात घाल ही. तिथे हिला शांती मिळेल." सेलीन वहिनी, ज्या स्वतः कधी थेंब घेत नसत आणि स्वयंपाकघरातून आमच्यावर शेरे मारत, म्हणाल्या, "एवढी महाग? यल्ला, द्या इकडे. डुकराला तरी कळेल."

असं ते नाक होतं. साथीच्या दुसऱ्या वर्षी इनासभाऊंना ताप आला. हॉस्पिटलातल्या कुणालाच तो चुकला नाही. ते बरे झाले, थोडे वाळले, आणि काही महिन्यांनी, माणसांना माणसांकडे जायची मुभा मिळाल्यावर, शुक्रवार पुन्हा सुरू झाले. काही बदललंय असं मला दिसलं नाही. बदललं होतं एवढंच की बाटलीवरचं नाव ते आता वर्गाआधी बघून घेत. पूर्वी ते बाटली कागदात गुंडाळून ठेवायला लावत.

जुलै महिना होता. बाटली आणायची पाळी माझी. गुरुवारी मी बर्गंडीतल्या पोमार गावची एक घेतली, माझ्या ऐपतीच्या जरा बाहेरची. परतताना अबू हमूरला मुलीच्या शाळेसाठी चार्ट पेपर घ्यायला आणि कढीपत्त्यासाठी थांबलो. चार्ट पेपर मिळेना. या दुकानातून त्या दुकानात करता करता दीड तास गेला. डिकी उघडली तेव्हा कढीपत्ता ठेवायला घातलेला हात मी चटका बसून मागे घेतला. बाटली पावासारखी गरम होती.

मी ती फेकून द्यायला हवी होती, किंवा सांगायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. आधी पैशांचं वाईट वाटलं, आणि मग मनात एक कुजका विचार आला: बघू या तरी. इतकी वर्षं मी ज्या नाकाचं कौतुक ऐकतो आणि करतो, त्याची एकदा परीक्षाच होऊन जाईल. आतून मी अजून पहिल्या दिवसाचाच मनोरंजन म्हणून आलेला माणूस होतो.

शुक्रवारी इनासभाऊंनी बाटली उघडली, ओतली, पेला नाकाशी नेला. आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत, स्वतः बोलायला लागले.

"पोमार. शेजारच्या वोल्नेपेक्षा माती चिकण, म्हणून ही अंगानं भरलेली. काळी करवंदं. नांगरलेल्या जमिनीचा वास. थोडा कात. अजून दोन-तीन वर्षं थांबली असती तर चाललं असतं, पण छान आहे."

मी पेला उचलला. आतून शिजलेल्या मनुकांचा आणि बुडाला लागलेल्या गुळाचा वास आला. तो कळायला नाक लागत नव्हतं, सर्दी झालेल्या माणसालाही कळला असता. अनघानं माझ्याकडे बघितलं. कर्णिकांनी हुंगलं, जरा गोंधळले, आणि मग गुरुजींनी सांगितलंय म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "हो, करवंदं आहेत."

मी काही बोललो नाही. परीक्षा घ्यायला निघालो होतो, आणि निकाल लागल्यावर मलाच तो बघवेना.

गाडीत अनघा म्हणाली, "अरे, ती वाइन होती की जळका मोरांबा?"

"डिकीत राहिली होती. दीड तास."

"आणि त्यांना कळलं नाही?" मग तिच्या लक्षात आलं. लॅबमध्ये तिनं त्या वर्षी असे पुष्कळ लोक पाहिले होते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा टेबलावर पेले नव्हते. मागच्या वेळचं बूच एका बशीत ठेवलेलं होतं. तापून फुगलेली वाइन बुचाच्या कडेनं वर चढते. या बुचावर टोकापर्यंत जांभळा ओघळ दिसत होता.

"तुम्ही गेल्यावर हे बघितलं," इनासभाऊ म्हणाले. शर्ट नेहमीसारखाच इस्त्रीचा होता. "डोळ्यांना दिसलं ते नाकाला कळलं नव्हतं. मागच्या शुक्रवारी मला कशाचाही वास आला नाही. त्याच्या आधीच्याही नाही. तापापासून नाही. मी तुम्हाला नकाशा वाचून दाखवत होतो."

आतून सेलीन वहिनी बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. "माझं सुकट जळलं तरी मुकाट जेवतात," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे. मला नको आहे ती."

कर्णिक म्हणाले, "पण सर, तुम्ही कशाला एवढं... कुणाला कळलंही नव्हतं."

"तुला कळलं होतं, कर्णिक. तुझं नाक चांगलं आहे. माझ्याकडे बघून तू करवंदं म्हणालास. मी तुला परत ट्रफलवर नेऊन सोडलं."

त्यावर मी माझं सांगितलं. चार्ट पेपर, कढीपत्ता, दीड तास, सगळं. परीक्षेचं सुद्धा सांगितलं. ते सांगताना मी नकाशाकडे बघत होतो.

इनासभाऊंनी ऐकून घेतलं. "उन्हात ठेवलीस, ती चूक. अशा चुका होतात. परीक्षा घेतलीस, तेही ठीक, शहाण्यानं घ्यावी. पण वास आल्यावर तू म्हणायला हवं होतंस, 'भाऊ, जळलीय.' दोनच शब्द. तू मला सांभाळून घेतलंस. मला सांभाळून घेणारे नकोत, आपटे. माझ्याकडे आता नाक नाही. तुमची तीन आहेत. ती खरी पाहिजेत."

मला वाटलं, शाळा बंद झाली. झालं उलटच. पुढची दोन वर्षं मी त्यांना जेवढं शिकवताना पाहिलं तेवढं आधी पाहिलं नव्हतं. बाटली पुन्हा कागदात गुंडाळली जाऊ लागली. आम्ही हुंगायचं, ते विचारत. आमसूल? या वर्षीचं की गेल्या वर्षीचं काळं पडलेलं? माती? कोरडी की शिंपडलेली? जीभ कुठे आवळतेय, कडेला की मधे? डॉक्टरनं फोनवर रोग ओळखावा तसं ते आमच्या उत्तरांवरून नकाशावर बोट सरकवत नेत, आणि दहातल्या सात वेळा बोट बरोबर गावावर टेकत असे. चुकलं की म्हणत, "तुमच्यापैकी कुणीतरी हुशारी केली." आणि खरोखरच कुणीतरी केलेली असे. बहुधा मी.

मग निवृत्ती आली. इथे नोकरी संपली की राहणंही संपतं. त्यात नाट्य काही नाही. फ्लॅटमधलं सामान विकलं गेलं, उरलेलं खोक्यांत गेलं. शेवटच्या शुक्रवारी कर्णिक दौऱ्यावर होते, अनघाची ड्यूटी होती. मी एकटाच गेलो. नकाशा गुंडाळून एका नळीत घातलेला, आणि ती नळी मारिया मातेच्या तसबिरीशेजारी टेकवलेली. आम्ही खोक्यांवर बसलो.

त्यांनी एक वोल्ने काढली. तापाच्या आधीपासून जपून ठेवलेली. उघडली, दोन पेले भरले, आणि स्वतःचा हातात धरून म्हणाले, "सांग."

मी वास घेतला. इतकी वर्षं ज्या माणसांची टिंगल केली त्यांचे डोळे का मिटतात ते मला त्या वेळी कळलं. सावकाश म्हणालो, "आईच्या गुलकंदाची बरणी. रिकामी. धुतल्यानंतर राहतो तेवढाच वास."

"काचेची की चिनीमातीची?"

"चिनीमातीची. झाकणाला फडकं बांधलेली."

"पुढे."

"आमसूल. ताजं, अजून ओलसर, सुपात घातलेलं." मग मी त्यांच्याकडे बघितलं. पेल्यावर वाकलेले होते, सवयीनं. मी म्हणालो, "आणि शेवटी, अगदी मागे, सुकेळं. खाडीकडच्या वाडीचं."

इनासभाऊंनी पेला खिडकीकडे धरून रंग बघितला. बाहेर कुणीतरी गाडी लावायला जागा शोधत हॉर्न वाजवत होतं.

"बरणी खरी," ते म्हणाले. "आमसूल खरं. वोल्नेत ते असतंच. सुकेळं तू माझ्यासाठी घातलंस."

मी मान खाली घातली.

"शरम नको. चांगल्या मनानं घातलंस. पण काढ ते." त्यांनी माझा पेला माझ्या नाकाकडे सरकवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्ग सुरू होताना बसत तसे, ताठ बसले. "परत घे वास. मला घाई नाही."